मामाची २००१ची एस्टीम घरच्या गोठ्यात रेससाठी उभी करतोय

खांडेपार१३००
३ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझ्या मामाची २००१ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय फोंड्याजवळ आमच्या घरी जुन्या गोठ्यात उभी आहे. नोंदणीची पंधरा वर्षं २०१६ला भरली, मामाने पुढची पाच वर्षं वाढवून घेतली, पण २०२१नंतर गाडी हललीच नाही. गेल्या महिन्यात चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलेली मला बघवणार नाही. तुला काय करायचं ते कर, पण चालती कर." ह्याच गाडीत मी गिअर टाकायला शिकलो, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मला ती ऑटोक्रॉससाठी बनवायची आहे. मैदानात आखलेला छोटा मार्ग, एका वेळी एकच गाडी, आणि स्पर्धा घड्याळाशी. पुढे जमलं तर कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर एखादा ट्रॅक डे. इंजिन १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी, कंपनीने सांगितलेली ताकद ८५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. ह्या आकड्यांवर माझा जीव आहे.

हत्यारं बऱ्यापैकी आहेत, एक छोटं मिग वेल्डिंग मशीन आहे, शनिवार-रविवार मोकळा असतो. काकीची एकच अट आहे : दुपारी १ ते ४ ग्राइंडर बंद.

प्रश्न असा की सुरुवात कुठून करू? माझ्या डोक्यात इंजिन आहे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून कॉम्प्रेशन वाढवणं, फ्रीफ्लो सायलेन्सर, हलकं फ्लायव्हील. बाकी गाडी बरी आहे.

मेस्त_कुंडई
३ जून, रात्री ११.१५

बाबा, बाकी गाडी बरी आहे हे कशावरून? खालून बघितलीस का?

चार वर्षं उभी म्हणजे चार पावसाळे. गोठ्याची जमीन शेणाची का चिऱ्याची? दोन्ही ओल सोडतात आणि ती ओल खालून पत्र्याला लागते. एक जाड स्क्रूड्रायव्हर घे. दाराखालचं पायदान, पुढच्या चाकामागचा कोपरा, जॅक लावायची जागा, मागच्या शॉकअपचा माथा, डिकीतली स्टेपनीची खळगी. प्रत्येक जागी मुठीने ठोस. "ठण्" वाजलं तर पत्रा आहे, "थप्प" वाजलं तर नुसता रंग आहे. ते झाल्यावर इंजिनाचं बोलू.

जिप्सी_सडा
४ जून, सकाळी ७.०५

मस्त विषय दादा! माझी जिप्सी मी सड्यावर पळवतो, तिच्यातही ह्याच घराण्यातलं १३०० इंजिन आहे. फोटो टाका ना.

खांडेपार१३००
८ जून, संध्याकाळी ६.३०

मेस्त, तुमचं ऐकून आज गाडी चार स्टँडवर घेतली.

उजव्या बाजूला सगळीकडे ठण्. डाव्या बाजूच्या पायदानाला, मागच्या दाराच्या जरा पुढे, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि काही जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर भोकातून आधी तांबडं पाणी आलं, मग मुंग्यांची पांढरी अंडी. वरून रंग अजून आरशासारखा आहे. मामा दर रविवारी पॉलिश करायचा. मी बराच वेळ तिथेच खाली बसून होतो.

डाव्या मागच्या शॉकअपच्या माथ्यालाही करंगळीएवढं भोक आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला, खालचा फेल्ट अजून ओला. पुढच्या काचेचं रबर कडक झालंय, पाणी तिथून येत असणार.

इंजिनाची यादी गुंडाळून ठेवली.

मेस्त_कुंडई
८ जून, रात्री ९.५०

वाईट वाटून घेऊ नकोस. दिसलं म्हणजे निम्मं काम झालं. झाकलेलं असतं तर वळणावर सापडलं असतं.

आता पट्टी मारून पुट्टी भरायची नाही. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाक, दोन बोटं जास्तच काप. नवा पत्रा आतून-बाहेरून गंजरोधक प्रायमर मारून घे, फक्त वेल्डच्या कडा कोऱ्या ठेव. सलग वेल्ड ओढू नकोस. टिपका इथे, पुढचा टिपका वीतभर लांब, मधे हात लावून बघ, गरम असेल तर थांब. पातळ पत्रा तापला की पापडासारखा वाकतो. काम संपलं की आतल्या पोकळीत मेण किंवा जुनं घट्ट तेल फवार, आणि पायदानाच्या तळाची कंपनीची निचऱ्याची भोकं उघडी आहेत का बघ. माती बसून तीच बुजलेली असतात, म्हणून तर पाणी आत कुजतं.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोड आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काढून घरात नेऊन ठेव. अर्थिंगची चाप कामाच्या अगदी जवळ लाव. आणि पाऊस चालू असताना ओल्या जमिनीवर उभं राहून वेल्डिंग करू नकोस, लाकडी फळी घे पायाखाली.

डिचोलीकर
९ जून, सकाळी ८.२०

मी वकिली करतो, गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ह्या धाग्यावर तरुण मुलं वाचत असतील.

अशी गाडी तयार झाल्यावर रस्त्यावर आणायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. नोंदणी वाढवली नसेल तर प्रश्न आणखी सोपा आहे : रस्ता बंद. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९खाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मैदानापर्यंत गाडी टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. चाचणी घ्यायची तर खाजगी जागेत, मालकाच्या लेखी परवानगीने.

माझा शेजारी मुलगा दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री बायपासवर गेला. अशा घरची आई मी बघितली आहे. म्हणून लिहिलं.

खांडेपार१३००
९ जून, सकाळी ८.४५

वकीलसाहेब, शब्द देतो. ती गाडी गोठ्यातून निघेल ती थेट टोइंगच्या गाडीवर.

नवखा_पेडणे
२१ जून, दुपारी ४.१०

दादा, पिंजरा करणार आहात ना, गाडी उलटली तर वाचवणारी आतली पाइपांची चौकट? आमच्याकडे माटवाचे (मांडवाचे) जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पाइप पडून आहेत, दीड इंची, जाड आहेत. गावच्या वेल्डरकडे वाकवून मिळतील. बाजारचा तयार पिंजरा खूप महाग.

कुशावती
२१ जून, संध्याकाळी ७.३०

नको. कृपा करून नको.

मी अकरा वर्षं रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसले आहे, तपासणीच्या टेबलावरही बसले आहे. पिंजरा हा एकच भाग असा आहे की तो चुकला तर नसलेला बरा, कारण तो आत तुटून माणसालाच लागतो.

जीआय पाइपला एका बाजूने उभी शिवण असते. वाकवताना किंवा धडकेत ती शिवण उघडू शकते. शिवाय वरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळून पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि सांध्यात जस्त मिसळलं की वेल्डही पोकळ होतो.

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमांत काय लिहिलं आहे ते सांगते. पाइप बिनसांध्याचा, थंड ओढलेला, साध्या कार्बन पोलादाचा हवा. बाजारात त्याला सीडीएस म्हणतात. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमीची आणि २ मिमी जाडीची. बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. प्रत्येक पायाखाली शरीराच्या पत्र्यावर निदान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट वेल्ड करायची, आणि पाय बोल्टचा असेल तर निदान तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. मुख्य कमानीत तिरपा पाइप हवाच. तो नसेल तर कमान समांतरभुज होऊन झोपते.

खांडेपार, तुझं पायदान आधी नीट होऊ दे, मगच पाय बसव. सडलेल्या पत्र्यावर उभा केलेला पिंजरा गाडी उलटली की जमिनीतून खुंटी निघावी तसा आरपार खाली जातो. हे मी एकदा समोर बघितलं आहे, गाडीचं आणि माणसाचं नाव सांगत नाही. माणूस वाचला, पण पाठ गेली.

पाइप वाकवण्याचं काम मँड्रेलच्या, म्हणजे पाइपात आधार घालून वाकवणाऱ्या, मशीनवरच करून घे. आतल्या बाजूला सुरकुती पडलेली कमान आमच्या टेबलावरून परत जाते. आणि वेल्ड पाइपच्या पूर्ण परिघाला हवा. छताच्या बाजूला मशीन पोचत नाही म्हणून अर्धा वेल्ड सोडणारे खूप आहेत. त्यासाठी पाय बसवायच्या आधी गाडीच्या तळाच्या पत्र्यात तात्पुरती भोकं पाडून पिंजरा खाली सोडतात, वरचा वेल्ड पूर्ण करतात, मग पिंजरा उचलून खाली प्लेट बसवतात. वेळ लागतो, पण हाच मार्ग.

नवखा_पेडणे
२१ जून, रात्री ८.०२

ताई, मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पाइप परत माटवालाच लावतो.

कुशावती
२१ जून, रात्री ८.१०

शाबास. आणि हेल्मेट घेताना स्टिकर बघ. स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था, तिचं एसए लिहिलेलं हेल्मेट मोटारीसाठी असतं, त्याच्या अस्तराची आगीतली चाचणी झालेली असते. एम लिहिलेलं मोटरसायकलचं, त्यात ती नसते.

ओपेल_रेकॉर्ड
२२ जून, दुपारी १२.३०

मुलांनो, मी पंच्याहत्तरीचा आहे, टाइप करायला वेळ लागतो.

आमच्या घरी वडिलांची ओपेल रेकॉर्ड होती, पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली. मुक्तीनंतर तिचा एकही भाग मिळेना. वडील आणि मडगावचा एक मेस्त मिळून लेथवर बुश कातायचे, ब्रेकचे रबर दुसऱ्या गाडीचे घासून बसवायचे. गाडी घरी उभी करणं म्हणजे काय हे मी तिथे शिकलो. नंतर बोटीवर नोकरी केली. मद्रासला बोट लागली की शोलावरमला जायचो. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, तिच्यावर गवताच्या गंजी आणि ड्रम लावून वळणं केलेली. रस्त्यावरच्या फियाट आणि हेरल्ड तिथे आतून सोलून आणलेल्या असायच्या. ज्यांनी त्या आणल्या ते बहुतेक स्वतःच मेकॅनिक होते.

कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही एका आसनाची रेसगाडी बनवली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या भागांतून रेसची गाडी होते, हे त्या माणसाने सिद्ध केलं. १९९५ साली विमान अपघातात गेले. तू ज्या ट्रॅकवर जायचं म्हणतोस तो २००३ साली सुरू झाला, त्यांच्याच नावाचा आहे. तिथे गेलास की फाटकावरचं नाव वाच.

एस्टीमही काही लहान गाडी नव्हे. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर टूरिंग कारच्या शर्यतींत ती वर्षानुवर्षं पळाली आहे. मामाला सांग.

खांडेपार१३००
२२ जून, रात्री ९.००

काका, मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलला नाही, उठून गोठ्यात गेला आणि गाडीवरची ताडपत्री नीट करून आला. देव बरें करूं.

खांडेपार१३००
१९ जुलै, रात्री ११.२०

महिनाभर गप्प होतो कारण पत्राच चालू होता. डावं पायदान पूर्ण नवं, माथ्याचं भोक बंद, गाडीच्या तळाच्या पत्र्याचा एक तुकडा बदलला. पाऊस असा की पत्रा कापून ठेवला की दुसऱ्या दिवशी कडेवर तांबूस. वीज जाते ती वेगळीच. व्होल्टेज कमी असलं की वेल्ड वर नुसता चिकटतो, आत शिरत नाही. म्हणून शेवटी पहाटे पाचला उठून काम केलं, तेव्हा दाब बरा असतो.

आता इंजिनाचं सांगतो, कारण तिथे ठेच लागली.

इंजिनाचा ब्लॉक एका वर्कशॉपला बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर जरा रुंद करायला, दिला. पिस्टन अजून यायचे होते. त्यांनी म्हटलं, साइझ ठरलेली आहे, पाव मिमी वाढवतो, पिस्टन कधीही आणा. पिस्टन आल्यावर मी बोअर गेज लावून बघितलं तर तिसरं सिलिंडर वर आणि खाली वेगळं, चार शतांश मिलिमीटरचा फरक. जाऊन दाखवलं तर म्हणाले एवढं चालतं. मी घरी येऊन रात्रभर जागा होतो. पाव मिमीचे पिस्टन परत केले, अर्धा मिमीचे मागवले, ब्लॉक मेस्तांकडे नेला.

मेस्त_कुंडई
२० जुलै, सकाळी ६.५०

पोरगा ब्लॉक स्कूटरवर घेऊन आला होता, पुढे गोणपाटात गुंडाळून. मी हात जोडले.

ह्यात वाचणाऱ्यांनी एवढं घ्या : पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू नका. चारही पिस्टनवर नंबर टाकायचे, मायक्रोमीटरने एकेक मोजायचा, आणि त्या-त्या पिस्टनला धरून ते-ते सिलिंडर करायचं. शेवटचे काही शतांश होनिंगसाठी, म्हणजे दगडाने बारीक घासून भिंत नीट करण्यासाठी, ठेवायचे. जी१३बीबीचा मूळ बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. अर्धा मिमी वाढवला की १२९८चे १३१६ सीसी होतात. स्पर्धेच्या वर्गाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघूनच वाढवा. त्याची गाडी १४००च्या आतच राहते, म्हणून मी हो म्हटलं.

पिस्टनच्या रिंगची फट मोजायला विसरू नका. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टननेच इंचभर खाली ढकलायची म्हणजे सरळ बसते, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. एवढ्या बोअरला वरच्या रिंगला ०.३० मिमीच्या आसपास हवी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड फुटते.

खांडेपार१३००
२७ जुलै, रात्री १०.१५

मेस्तांकडून ब्लॉक होन होऊन आला. संध्याकाळी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुतला, पांढरं फडकं काळं न होईपर्यंत पुसला. पुसून झाल्यावर वीज गेली. तेल सकाळी लावू म्हणून चादर टाकून झोपलो.

सकाळी चादर काढली. चारही सिलिंडरच्या भिंतींवर चहाच्या डागासारखा तांबूस पापुद्रा. होनिंगची तिरपी जाळी त्याच्या खालून दिसत होती, जशी ओल्या खिडकीच्या काचेमागे जाळी दिसावी तशी. बोट लावलं तर बोटाला रंग आला. आठ तासांत. पोटात खड्डा पडला.

मेस्त_कुंडई
२७ जुलै, रात्री १०.३५

घाबरू नकोस, पृष्ठभागावरचं आहे. उद्या आण, दोन फेरे हलके मारून देतो, माप हलणार नाही. पण यापुढे धुणं आणि तेल लावणं हे एकच काम समज. जुलैत आपल्याकडे कोरडं लोखंड नसतं. धुतलं, हवा मारली, लगेच इंजिन ऑइल चोळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधलं. हात पुसायच्या आधी.

जिप्सी_सडा
२८ जुलै, दुपारी १.०५

दादा, नवं बोअर केलंय तर एअर फिल्टरकडे जीव लावा. सड्यावरची तांबडी धूळ मैद्यासारखी असते आणि इंजिनाला पॉलिशपेपरसारखी खाते. मी पहिल्या वर्षी उघडा कोन फिल्टर लावला होता, आवाज छान यायचा. सहा महिन्यांत जिप्सी धूर टाकायला लागली. आता मूळचा डबाच आहे, कडेला ग्रीस लावून बसवतो, प्रत्येक फेरीनंतर पाइपच्या आत पांढरं फडकं फिरवून बघतो.

खांडेपार१३००
३ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४५

हेडचं झालं. व्हॉल्व्ह बसवून, प्लग लावून, वर जाड ॲक्रिलिकची काच ग्रीसने चिकटवली आणि डॉक्टरकडच्या सिरिंजने तेल सोडत प्रत्येक सिलिंडरवरच्या ज्वलनकक्षाचं आकारमान मोजलं. गॅस्केट आणि पिस्टनचा माथा धरून दर सिलिंडरला ३८.२ सीसी, मूळ बोअरच्या ३२४.७ सीसीला धरून कॉम्प्रेशन साडेनऊला एक. अर्धा मिमी घासला तर दहापर्यंत जाईल. मेस्त, घासू का?

मेस्त_कुंडई
३ ऑगस्ट, रात्री ९.२०

नको. बोअर वाढलाय, त्यानेच थोडं वाढलं. हेड सपाट आहे ना, पट्टी आणि फीलरने बघितलंस ना? मग हात लावू नकोस. पहिलं वर्ष गाडी ओळखण्यात घालव. घासलेलं परत चिकटवता येत नाही.

कुशावती
३ ऑगस्ट, रात्री ९.५५

मेस्तांशी पूर्ण सहमत. तो पैसा ब्रेकमध्ये घाल.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी पितं. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पण पाणी प्यायल्यावर ही हमी १५५वर येते. डॉट ३ची तर १४०वर. गोव्याच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला डबा म्हणजे ओला स्पंज. ऑटोक्रॉसच्या तिसऱ्या फेरीला पुढच्या डिस्क तापतात, कॅलिपरमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, एवढंच त्यामागचं कारण. नवा सीलबंद डबा, स्पर्धेच्या आठवड्यातच बदल, उरलेलं टाकून दे. होजही नवे घे. चार वर्षं उभ्या गाडीचे रबरी होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून सुजून तेल अडवतात. मग ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं.

सीट आणि पट्टे कधी बसवणार? खांद्याचे पट्टे सीटच्या भोकातून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरले तर धडकेत ते मणका दाबतात.

खांडेपार१३००
२६ ऑगस्ट, रात्री ११.५०

पिंजरा झाला. सीडीएस पाइप बेळगावहून आणला, वाकवून घेतला, टिपके मी मारले आणि पूर्ण वेल्ड एका प्रमाणित वेल्डरकडून करून घेतले. माझा हात पातळ पत्र्याला बरा आहे, पण ह्या कामाला नाही हे मला पटलं. कुशावतीताई स्वतः येऊन आरसा आणि टॉर्च घेऊन छताखालचा एकेक सांधा बघून गेल्या. दोन जागी खूण केली, ते परत झाले.

उद्या चवथ. आठ दिवस गोठ्याला कुलूप.

नवखा_पेडणे
२७ ऑगस्ट, सकाळी ९.३०

चवथीच्या शुभेच्छा सगळ्यांना. दादा, मीही एक झेन बघितली आहे. काल स्क्रूड्रायव्हर घेऊनच गेलो होतो. तीन ठिकाणी थप्प. नाही घेतली.

मेस्त_कुंडई
२७ ऑगस्ट, सकाळी ९.४०

बरोबर केलंस. दुसरी मिळेल.

खांडेपार१३००
२ ऑक्टोबर, रात्री ९.१०

आज दसऱ्याला इंजिन सुरू केलं.

सकाळी मामा झेंडूचा हार घेऊन आला. बॉनेटला घालायचा होता, पण बॉनेट काढून ठेवलेलं, म्हणून पिंजऱ्याच्या पुढच्या पाइपाला बांधला. आधी चारही प्लग काढले, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि नुसता स्टार्टर फिरवला. पाच सेकंद, थांबायचं, पुन्हा पाच सेकंद. चौथ्या वेळी तेलाचा लाल दिवा विझला. मग प्लग लावले, फ्यूज लावला, चावी मामाच्या हातात दिली. त्याला रेसच्या सीटमध्ये बसता येईना, गुडघे वळत नाहीत, म्हणून दारातून वाकून हात आत घालून त्याने चावी फिरवली.

दुसऱ्या फेरीत लागली. सायलेन्सर अजून कंपनीचाच आहे, त्यामुळे आवाज मामाच्या ओळखीचा. तो काही वेळ तसाच वाकून उभा होता, हात चावीवरच.

दुपारी शेजारच्या काजूच्या भाटात (बागेत), भाटकाराकडून, म्हणजे मालकाकडून, कागद घेऊन, तासभर चालवली. हळू चढवायची, पायाने सोडायची, परत चढवायची. पाण्याचं तापमान स्थिर. डाव्या मागच्या बाजूने कुठला आवाज नाही.

मेस्त_कुंडई
२ ऑक्टोबर, रात्री ९.२५

ऑइल आणि फिल्टर बदल, आणि जुना फिल्टर फेकू नकोस. कापून बघ.

खांडेपार१३००
५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

कापला. करवत वापरली नाही, कीस आत जातो म्हणून कडेने पत्रा कापायच्या कात्रीने उघडला. कागदाच्या घड्या सुरीने सोडवून अंगणात वर्तमानपत्रावर पसरल्या, दगड ठेवले, आणि तेल निथळेपर्यंत उन्हात ठेवल्या. मग भिंग घेऊन घडी-घडी बघितली. बारीक राखाडी पूड आहे, चुंबकाला चिकटते, म्हणजे रिंगा बसताहेत. दोन जागी गॅस्केटच्या चिकटवणीचे निळे तुकडे, ते माझं जास्त लावणं. बेअरिंगचा चमकणारा पापुद्रा एकही नाही.

मामा शेजारी खुर्ची टाकून बसला होता. त्यालाही भिंग हवं होतं.

मेस्त_कुंडई
५ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

मग चांगलं आहे. पुढचा फिल्टर पाचशे किलोमीटरने नाही, पाच तासांनी काप. आणि ती निळी चिकटवण पुढच्या वेळी तांदळाएवढी लाव.

कुशावती
५ ऑक्टोबर, सकाळी ११.४५

टोइंग हुक लावलास का? पुढे एक, मागे एक, लाल किंवा पिवळा रंग. परवा ब्रेक फ्लुइड घेऊन येते, डबा माझ्यासमोर फोड.